सात नंबरचा शेवटचा सूर

प्रिय खारू,

पाकीट बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, मीही चालताफिरता आहे, घर जागच्या जागी आहे. फोन सोडून बाबा कागद का खरडत बसले, असं तुला वाटेल. दर रविवारी आपण दहा मिनिटं बोलतो. त्यात हवा, आईचे गुडघे आणि तुझ्या दवाखान्यातली मांजरं एवढं उरकतं, आणि मी मधूनमधून "हो, हो" म्हणतो. दोन रविवारांपूर्वी तू काहीतरी सांगितलंस, मी "वा, छान" म्हणालो आणि तू एकदम गप्प झालीस. नंतर आईकडून कळलं, तू नऊ वर्षं सांभाळलेला तो म्हातारा कुत्रा गेल्याचं सांगत होतीस. तेव्हापासून मी फोनची धास्तीच घेतली आहे. हे पत्र संगीताबद्दल आहे. आपल्या दोघांत तो विषय निघत नाही, निघाला तर दोघंही कानामागे टाकतो, हे मला ठाऊक आहे. तरी एवढं एकदा शेवटपर्यंत वाच.

टीव्हीवरच्या त्या स्पर्धेत मी परीक्षक झालोय हे तुला आईनं सांगितलं असेलच. बारा ते सोळा वर्षांची सोळा मुलं, प्रत्येकाचं एक वाद्य, आणि समोर आम्ही तिघं. ऑर्केस्ट्रातून निवृत्त झाल्यापासून मी घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. निवृत्त माणूस एक तर बागेत रमतो नाहीतर दुसऱ्यांच्या चुका काढण्यात, आणि आपल्याला बाग नाही. त्यामुळे निर्मातीबाईंचा फोन आला तेव्हा मी आढेवेढे घेतल्यासारखं केलं आणि लगेच हो म्हणालो. "तुमचा कान फार तिखट आहे असं सगळे म्हणतात, आम्हाला तोच हवा आहे," असं त्या म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. चौतीस वर्षं चेलो वाजवताना लोकांनी माझ्या हाताचं कौतुक बेताचंच केलं, कानाचं मात्र सगळ्यांनी केलं. मागच्या रांगेत कुणाची तार केसभर उतरली तरी मी मान वळवायचो, आणि ती माझी मान वळली की पोरं घामाघूम व्हायची. तुला आठवत असेल.

स्टुडिओ म्हणजे एक मोठं गोदाम आहे. बाहेर उन्हाळा असला तरी आत दात वाजतील इतका गारठा, कारण दिव्यांची उष्णता मारायची असते. पावडर लावणारी बाई दर वीस मिनिटांनी येऊन माझ्या टकलावर फुंकर घातल्यासारखा पफ फिरवते आणि "मान वर, काका" म्हणते. माझ्या डाव्या हाताला पियानोवाली बसते. आम्ही एकाच वर्षी कॉलेजात होतो, अजूनही एकमेकांना अरेतुरे करतो. उजव्या हाताला एक तरुण संगीतकार आहे, तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि सगळ्यांना नऊ गुण देतो. प्रत्येक मुलानंतर आम्ही चाळीस सेकंद बोलायचं. चाळीस सेकंदांत पोराचं आयुष्य तोलायचं म्हणजे काय, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. मुलांची नावं पडद्यावर येतात, पण आमच्या कागदावर फक्त क्रमांक असतात. आपापसांत आम्हीही आकड्यांनीच बोलतो.

सात नंबर म्हणजे तेरा वर्षांची, किरकोळ अंगाची एक मुलगी. व्हायोलिन वाजवते. बाप बस चालवतो. तो चित्रीकरणाला गणवेशातच येतो, कारण त्याला तिथून थेट पाळीवर जायचं असतं. पोरीचे बूट एक नंबर मोठे होते, बहुधा कुणा बहिणीचे, आणि उभं राहताना ती ते जमिनीवर घट्ट रोवून घ्यायची. पहिल्या दोन फेऱ्यांत मी तिला आठ आणि साडेआठ दिले होते. तिसऱ्या फेरीत तिनं एक तुकडा घेतला, मधला वेगवान भाग सोडला तर संथ. त्याच्या शेवटी बोट तारेवर दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, म्हणजे शिट्टीसारखा एक फार बारीक, फार उंच सूर निघतो आणि तो धरून ठेवायचा असतो. ती वर वर चढत गेली. मी डोळे मिटून ऐकत होतो. आणि मग सगळं थांबलं. मी डोळे उघडले तर व्हायोलिनचा गज तारेवर अजून चालत होता. अगदी सावकाश, पूर्ण लांबीभर. आवाज नव्हता. मला तिची कीव आली, खारू. वाटलं, अरे रे, इतकं चांगलं वाजवलं आणि शेवटचा सूर बोललाच नाही.

माझी पाळी पहिली होती. मी म्हणालो, "शेवटचा सूर लागला नाही. गज चालवून सूर लागल्याचं सोंग करता येत नाही. सूर हुकला तर हुकला, पण फसवायला जायचं नाही." आणि पाच गुण दिले. फसवायला हा शब्द कुठून आला ते माझं मलाच माहीत नाही. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. तिनं माफी मागितली असेल असं समजून मी मान डोलावली. पियानोवालीनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. तिनं साडेनऊ दिले. बेरीज झाली आणि सात नंबर दीड गुणानं बाहेर गेली. मध्यंतरात पियानोवालीनं मला खांबाआड गाठलं. "बरा आहेस ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तू फार मऊ झाली आहेस."  उरलेल्या मुलांचे आकडे मात्र मी दोनदोनदा खोडून लिहिले. शेवटच्या बासरीवाल्या मुलाला मी चक्क पियानोवालीच्या कागदात डोकावून गुण दिले. साठी उलटल्यावर शाळेतल्यासारखी कॉपी.

भाग दाखवला गेला आणि माझं ते वाक्य सगळीकडे फिरलं. फळवाला सुद्धा मला म्हणाला, "तुम्ही बरे सुनावलेत हो." निर्मातीबाई खूश होत्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन तो भाग पुन्हा लावला. तो तुकडा आला, मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी गज चालू लागला तेव्हा मी आईला म्हटलं, "बघ, आहे का काही?" आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आहे की. किती गोड लागलाय." मी पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्या वेळी तिनं सुरी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हेडफोन लावले, ते कानांवर हातांनी दाबून धरले. खालचे सगळे सूर स्वच्छ होते, अगदी लाकडाचा वास येईल इतके स्वच्छ. वर गेलं की जिना संपावा आणि पुढं पाऊल टाकावं तसं व्हायचं. "तुम्हाला किटली शिट्टी मारते ती ऐकू येत नाही," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी सांगितलं होतं. तेही तुम्हाला ऐकू आलं नसेल."

कानाच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला एका जाड दाराच्या खोलीत बसवलं. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. मी काय केलं सांगू? काचेत त्यांच्या खांद्याचं प्रतिबिंब दिसत होतं. खांदा हलला की त्या आवाज सोडतात हे मी हेरलं आणि खांद्याकडे बघून बटण दाबू लागलो. दोन मिनिटांनी त्या आत आल्या आणि त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "काका, इथं पास-नापास काही नाही," त्या म्हणाल्या. मग मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही. निदान मला तरी. नंतर त्यांनी आलेख दाखवला. रेघ डावीकडे, खालच्या सुरांत, सरळ चाललेली आणि मग उजवीकडे, उंच सुरांत, कड्यावरून कोसळल्यासारखी. चेलोचा बहुतेक मुलूख डावीकडे येतो, म्हणून मला स्वतःचं वाजवणं कधी बिघडलेलं वाटलं नाही. माझ्या पाठीमागे तीस वर्षं ट्रम्पेटवाले बसले, त्यांच्या आवाजानं कानातला वरचा भाग हळूहळू खाऊन टाकला. मी विचारलं, "हे कधी सुरू झालं असेल?" त्या म्हणाल्या, "आजकालचं नाही. दहा वर्षं, पंधरा वर्षं, जास्तही असेल. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." मी तिथंच बोटांवर वर्षं मोजायला लागलो. त्यांना वाटलं मी माझ्या नोकरीचा हिशेब करतोय.

निर्मातीबाईंकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांच्या खोलीत सगळ्या भिंतींवर मुलांचे फोटो चिकटवलेले आहेत, बाहेर पडलेल्यांवर तिरकी फुली. सात नंबरवरही फुली होती. मी आलेख टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. त्या वाईट बाई नाहीत, पण त्यांच्या मागे पन्नास माणसं कामाला आहेत. "सर, हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या फेरीत आपण बाद झालेल्यांपैकी एकाला परत आणतोच. तिला आणू. तिचं नुकसान भरून निघेल, तुमचंही नाव राहील. उरलेले दोन भाग तुम्ही पियानोबाईंच्या मागून बोला." आणि खारू, मी हो म्हणालो. घरी येताना मला हलकं वाटत होतं. पोरीला न्याय मिळणार, मग जगाला माझा कान दाखवायची काय गरज, असं मी आईला पटवलं. आईनं ऐकून घेतलं आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. पुढचे आठ दिवस मी दाराची घंटा वाजली तरी दचकत होतो. म्हणजे वाजलेली कळली तर.

तालमीच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो आणि मागच्या अंधाऱ्या खुर्च्यांत बसलो. सात नंबर आली, बूट रोवले, तोच तुकडा सुरू केला. चढत चढत शेवटापाशी आली आणि मला शेवटचा सूर ऐकू आला. स्वच्छ, भरघोस ऐकू आला. क्षणभर वाटलं, कान परत आले की काय. मग लक्षात आलं, ती तो सूर एक सप्तक खाली वाजवत होती. बोट दाबून, जोर लावून, कुणालाही ऐकू जाईल असा. सगळ्या तुकड्याचा जीव त्या शेवटच्या बारीक सुरात होता आणि तिनं तो काढून तिथं एक सुरक्षित दगड ठेवला होता. का, तर मी म्हणालो होतो. तेरा वर्षांच्या पोरीनं आपला बरोबर आलेला सूर माझ्या बहिरेपणाच्या मापानं कापून घेतला होता.

मी उठून पुढं गेलो.  बाप कडेला उभा होता, टोपी काखेत. मी मुलीला विचारलं, "शेवट का बदललास?" ती म्हणाली, "तो लागत नाही ना, सर." मी म्हटलं, "लागला होता. त्या दिवशी लागला होता. मला ऐकू आला नाही. माझे कान गेले आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली, मग बापाकडे. बाप म्हणाला, "तिनं सहा दिवस व्हायोलिनची पेटी उघडली नाही, साहेब. घरात कुणी शिट्टी वाजवली तरी रडायची. सगळ्या देशानं बघितलं, फसवते म्हणून." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणता ते खरं आहे." मग मुलीनं माझ्या जवळ येऊन, तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मग मी वरचाच वाजवू का?" इतक्या नीट, की मला कळावं म्हणून. मी होकारार्थी मान डोलावली. 

परवा ती फेरी चित्रित झाली. तिनं वरचा सूर वाजवला. मी तिच्या गजाकडे आणि पियानोवालीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पियानोवालीच्या चेहऱ्यावरून कळलं की लागला. मग माझे चाळीस सेकंद आले. मी म्हणालो की मी हिला मागे फसवी म्हटलं, तिनं फसवलं नव्हतं, मला उंच सूर ऐकू येत नाहीत, बरीच वर्षं येत नसावेत, आणि ज्याला ऐकू येत नाही त्यानं या खुर्चीत बसू नये. कागद उलटा ठेवला आणि उठलो. स्टुडिओनं कानात घातलेल्या इअरफोनमधून कुणीतरी काहीतरी ओरडत होतं, ते मात्र ऐकू आलं. निर्मातीबाई नंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दाखवतील की कापतील हे शनिवारी कळेल. मुलगी अंतिम फेरीत गेली नाही. मधल्या वेगवान भागात तिचे हात थरथरले, दोन जागा निसटल्या आणि ती चौथी आली. तो थरथराट माझाच, हे मला माहीत आहे. जाताना तिच्या बापानं माझ्याकडे बघून मान हलवली, तिचा अर्थ मी अजून लावतो आहे. मंगळवारी श्रवणयंत्रं बसवायला जायचंय. आई बरोबर येते म्हणाली, कारण डॉक्टरीणबाई काय सांगतात ते नेमकं कुणीतरी ऐकायला हवं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चौदा वर्षांपूर्वी, संगीत कॉलेजच्या परीक्षेच्या चार दिवस आधी, दुपारी तू बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून मला सगळं व्हायोलिनवर वाजवून दाखवलंस. मी तालमीला निघालो होतो, अंगात कोट होता, दाराला टेकून ऐकलं. आणि म्हणालो, "खालच्या तारांवर ठीक आहेस. वर गेलीस की आवाज मरतो. हे शिकवून येत नाही, उगाच वर्षं घालवू नकोस." तू गजाचा पीळ सैल केलास, तारांवरची राळ फडक्यानं पुसलीस आणि परीक्षेला गेली नाहीस. तुझ्या शिक्षिकेचा फोन आला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मला तर तिचा आवाज वर गेल्यावर उजळतो असं वाटतं." मी म्हणालो, "तुम्हाला वाटत असेल, मला ऐकू येतं." डॉक्टरीणबाईंकडे मी बोटांवर मोजत होतो ती ही वर्षं. त्या दिवशी माझा कान शाबूत होता की नव्हता, हे आता कुणीही सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. कदाचित मी बरोबर असेन. पण ज्या खात्रीनं बोललो तिला आधार नव्हता, आणि तरी मी ती तुझ्या माथी मारली. त्या बसवाल्याच्या मुलीला तीन आठवड्यांत जे सांगितलं, ते तुला सांगायला चौदा वर्षं गेली. तू जनावरांची चांगली डॉक्टर झालीस, ते तुझं तू केलंस. पुन्हा व्हायोलिन हातात घे असं मी म्हणत नाही, तो हक्क मला नाही. शनिवारी टीव्हीवर बघण्याआधी, आणि त्यांनी ते कापलं तरीही, तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. आणि एक विचारायचं आहे, जे तेव्हाच विचारायला हवं होतं. त्या दुपारी खिडकीपाशी तू वर गेलीस, तेव्हा तुझं तुला कसं ऐकू आलं होतं?

तुझाच, उत्तराची वाट बघणारा,
बाबा